रघुजीचा हात

धार, सोमवार, ता. ८ जुलै १९०७

हेडमास्तरसाहेबांचा हुकूम आहे की नव्या वर्गाची रोजची नोंद ठेवावी. ती ऑफिसच्या वहीत ठेवीनच. पण त्या वहीत खरे लिहिले तर माझी अब्रू जाईल, म्हणून ही दुसरी वही सुरू केली आहे.

हकीकत अशी की मॅट्रिक झालेल्या मुलांसाठी दरबाराने एक वरचा वर्ग उघडला आहे. त्यात झाडे आणि प्राणी यांचे शास्त्र शिकवायचे, ज्याला इंग्रजीत बायॉलॉजी म्हणतात. वर्षअखेर परीक्षा होईल आणि पहिल्या येणाऱ्या एका मुलाला इंदूरच्या मेडिकल स्कूलात धार दरबाराची जागा मिळेल. शिकवायला पुण्याहून एक पदवीधर येणार होते. त्यांनी कळवले की प्रकृती बरी नाही. मग साहेबांनी शाळेतल्या चार मास्तरांना एकेक करून विचारले. बेडूक फाडावा लागतो हे ऐकताच चौघांनी हात झटकले. पाचवा मी. एकोणीस वर्षे संस्कृत शिकवतो, वय बेचाळीस, बेडूक आजवर लांबूनच पाहिलेला.

साहेब म्हणाले, "दत्तोपंत, पुस्तक चारशे पानांचं आहे. अख्ख्या धारेत एवढं पाठ करील असा माणूस एकच आहे."

या एका वाक्यावर मी हो म्हणालो. स्तुतीला भाळणे हा माझा जुना दोष आहे. सौ.ला सांगितले तेव्हा तिने फक्त विचारले, "वर्गातून आल्यावर अंघोळ करावी लागेल ना?" म्हटले, "लागेल." ती म्हणाली, "मग पाणी तापवून ठेवीत जाईन."

ता. १६ जुलै

वर्गात चार मुले होती. आज दोन उरली. दोघांचे वडील येऊन मुलांना घेऊन गेले, 'आमच्या घरात हे चालायचे नाही' म्हणाले.

उरलेल्यांपैकी चिंतामणी फडणिसांचा. गोरा, नम्र, एकदा वाचले की पाठ. मला असा शिष्य हवाच होता. दुसरा रघुजी, दरबारच्या पागेतल्या मानाजी सालोत्र्याचा पोर. सालोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. पोर अठरा वर्षांचा, अंगापिंडाने दांडगा, मॅट्रिकला जेमतेम पास. इंग्रजी वाचताना ओठ हलतात. हा या वर्गात कसा टिकणार देव जाणे.

पाठांतराची माझी पद्धत मी इथेही लावली आहे. बेडकाची हाडे आधी सरळ म्हणायची, मग उलटी, मग एक सोडून एक. चिंतामणी तिसऱ्या दिवशी बिनचूक म्हणू लागला. इंग्रजी शब्द असे गुंफले की वेदपाठशाळेत बसल्यासारखे वाटले. मला फार आनंद झाला.

ता. २५ जुलै

आज पहिला बेडूक.

रघुजीने तळ्याच्या काठावरून एक भला मोठा बेडूक आणला. साहेबांनी दवाखान्यातून क्लोरोफॉर्म मागवले होते. टाचण्या नव्हत्या, तेव्हा रघुजीने बाभळीचे काटे आणले आणि लाकडी फळीवर बेडूक उताणा ठोकला. चाकूही त्याच्या बापाचा.

मी शिवणार नाही हे आधीच ठरवले होते. मेजाच्या या बाजूला, तीन हात अंतरावर उभा राहिलो आणि वेळूच्या लांब छडीने दाखवू लागलो. समोरच्या बाजूला मुले. चिंतामणीने डोळे मिटून पहिली चीर दिली आणि पुढचे सगळे रघुजीने केले.

पुस्तकातली आकृती मला तोंडपाठ होती, म्हणून काही अडचण पडली नाही. "हे हृदय," म्हटले, छडी टेकवली, तिथे हृदय होते. अजून धडधडत होते! चारशे पानांत हे कुठेच लिहिलेले नाही की ते असे चालताना दिसते.

घरी गरम पाणी तयार होते. बेडकाला मी शिवलो नाही हे सांगायचे राहून गेले.

ता. ६ ऑगस्ट

रघुजीविषयी दोन तक्रारी लिहून ठेवतो.

एक, तो फार प्रश्न विचारतो आणि तेही मंदबुद्धीचे. आज म्हणाला, "गुरुजी, यकृत म्हणजे ते तांबूस, तीन पानांचं, तेच ना? का त्याच्या खाली ते पांढुरकं वाकडं हाये, ते?" अरे, मी आत्ताच तर सांगणार होतो. "तांबडे ते यकृत, पांढुरके ते जठर," असे बजावले. तो म्हणाला, "अच्छा, अब समजलं." एवढे समजायला याला एवढा वेळ.

दुसरी तक्रार त्याच्या हाताची. फळी धरायला त्याला सांगितले आहे, पण ती त्याच्याने एका जागी धरवत नाही. मी छडी टेकवायला जावे आणि त्याने नेमकी तेव्हाच फळी सरकवावी. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, एकदा तर पुरी फिरवली. मी ओरडलो, "रघुजी, हात स्थिर ठेव!" तो म्हणतो, "चुकलं गुरुजी." आणि पुन्हा तेच.

ता. २ सप्टेंबर

आजवर सात बेडूक झाले. माझी छडी एकदाही चुकलेली नाही. साहेब दारात उभे राहून पाहत होते. ऑफिसात मला म्हणाले, "दत्तोपंत, तुम्ही जन्मभर हेच करीत आलात असं वाटतं." दिवसभर ते वाक्य मनात घोळवले. हे बरे नाही हे कळते, पण घोळवले.

शनिवार, ता. १२ ऑक्टोबर

दसरा तोंडावर आला आहे. पागेत घोड्यांची गडबड, म्हणून रघुजीला बापाने ठेवून घेतले. फळी चिंतामणीने धरली. त्याचा हात कसा दगडासारखा स्थिर! बेडूक रघुजीने सकाळी पागेत जाण्यापूर्वी उघडून ठेवला होता.

पण आजचा बेडूक सदोष निघाला. मी हृदय म्हणून छडी ठेवली तिथे पाण्याची पिशवी निघाली. यकृत म्हणून ठेवली तिथे आतड्याचे वेटोळे. सगळे खालचे वर आणि डावीकडचे उजवीकडे. चिंतामणी बिचारा म्हणाला, "गुरुजी, हा निराळ्या जातीचा आहे का?" मी म्हटले, "असावा. सृष्टीत असे अपवाद असतात." ऑफिसच्या वहीत तशी नोंद केली.

सोमवारी रघुजी आला. त्याला हे सांगितले तर तो खाली पाहत म्हणाला, "होतं असं कधी कधी, गुरुजी." त्याला काय ठाऊक!

ता. २० नोव्हेंबर

गारठा पडला आहे. बेडूक मिळत नाहीत, मातीत दडून बसतात. रघुजी विहिरीच्या कडेची ओल उकरून एक-दोन आणतो. त्याची नखे कायम मातीने भरलेली. मी त्याला स्वच्छतेबद्दल बोललो.

सौ. अजूनही रोज पाणी तापवते. एवढ्या थंडीत पहाटेचे सरपण त्यात जाते. आज सांगणार होतो की मला या अंघोळीची गरज नाही. पण पाणी इतके कढत आणि बरे होते की उद्या सांगू म्हटले.

शुक्रवार, ता. १७ जानेवारी १९०८

आजचा दिवस मला जपून ठेवायचा आहे.

पुस्तकात फुलाचा एक धडा आहे. विलायती पिवळे फूल, पाच पाकळ्या. आम्ही तिघांनी ते कधी पाहिलेले नाही, पण चिंतामणी त्याचे अंगप्रत्यंग म्हणून दाखवतो. आज रघुजी अफूचे फूल घेऊन आला. आमच्या माळव्यात पौष-माघात जिकडे पाहावे तिकडे हीच पांढरी शेते. तो म्हणाला, "गुरुजी, याच्या पाकळ्या चार. किताबमध्ये पाच. मग किताब चूक का फूल चूक?"

मी म्हटले, "पुस्तक छापलेले असते."

पण मला ते खटकत राहिले. दुपारी दोघांना घेऊन गावाबाहेर शेतावर गेलो आणि बांधावर बसून मोजत सुटलो. पंचवीस फुले मोजली. सगळ्यांच्या चार. शिवाय कळीवर दोन हिरवी पाने असतात, ती फूल उमलताच गळून पडतात, म्हणून उमललेल्या फुलावर ती कधी दिसतच नाहीत. एक कळी माझ्या समोर उमलली आणि ती दोन पाने माझ्या धोतरावर पडली. बेचाळीस वर्षे या शेतांशेजारून चालत आलो आणि मला हे ठाऊक नव्हते! शेतकरी बाई हसत होती. म्हणाली, "पंडितजी, काई गिनी रिया हो?" मी सांगितले, पाकळ्या मोजतो. तिला आणखी हसू आले.

परत येताना चिंतामणी रघुजीला म्हणाला, "भिया, गुरुजी आज पोरासारखे झाले होते." मला ऐकू येणार नाही असे त्याला वाटले. मला राग आला नाही.

या वर्गाने मला हे दिले. ज्याने पुण्याहून यायचे टाळले त्या गृहस्थाचे परमेश्वर कल्याण करो.

बुधवार, ता. २२ जानेवारी

दरबाराने दोन्ही मुलांविषयी शेरा मागवला. एकच जागा, तेव्हा जबाबदारीने लिहिले. चिंतामणीबद्दल: 'स्मरणशक्ती असामान्य, आचरण उत्तम, शिफारस करण्यास योग्य.' रघुजीबद्दल: 'मेहनती. परंतु बुद्धी मंद, आणि हात स्थिर नाही. फळीदेखील एका जागी धरता येत नाही. शस्त्रकर्माच्या विद्येस अपात्र.'

लिहिताना थोडे वाईट वाटले. पण डॉक्टर होणाऱ्याचा हात हलला तर माणसे मरतील. खरे तेच लिहिले पाहिजे. पाकीट बंद करून हुजऱ्याच्या हाती दिले.

देवास, सोमवार, ता. १७ फेब्रुवारी

परीक्षा देवासला आहे. तपासनीस डॉक्टर गोपाळराव पोतनीस येथे मुक्कामी आहेत आणि इंदूरच्या पलीकडे यायला त्यांना सवड नाही, म्हणून आम्हीच आलो. काल टांग्याने निघालो, रात्र इंदूरच्या धर्मशाळेत काढली, आज दुपारी पोहोचलो. अंग खिळखिळे झाले.

देवास माझे जन्मगाव. मोठी ताई इथेच नांदते. गावात राज्ये दोन; ती धाकट्या पातीच्या राज्यात राहते आणि परीक्षा थोरल्या पातीच्या. इथे रस्ता ओलांडला की राज्य बदलते. ताईने चिंतामणीला ओटीवर, रघुजीला पडवीत पान वाढले. रघुजी जेवून स्वतःची जागा सारवून मोकळा झाला. ताई म्हणाली, "दत्तू, हा तुझा मंद विद्यार्थी का रे? डोळे तर फार हुशार दिसतात." मी म्हटले, "डोळ्यांनी काय होते."

मंगळवार, ता. १८ फेब्रुवारी, संध्याकाळ

जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

डॉक्टर साहेब पन्नाशीचे, बोलण्यात तुटक. माझा शेरा त्यांच्यापुढे होता. म्हणाले, "रघुजी मानाजी, तुमच्या मास्तरांनी हात स्थिर नाही असं लिहिलं आहे. चाकू मी तुमच्या हाती देणार नाही. फक्त तोंडी प्रश्न." रघुजीने माझ्याकडे पाहिले नाही. "जी साहेब," एवढेच म्हणाला. तो शेरा त्याला आत्ताच कळला होता.

आधी चिंतामणी. हाडे सरळ म्हटली, उलटी म्हटली. डॉक्टर खूश दिसले. मग त्यांनी स्वतः उघडलेला बेडूक मेजावर ठेवला आणि म्हणाले, "आता दाखवा. हृदय कोणतं?"

चिंतामणी मेजाला वळसा घालून पलीकडे गेला, तीन हात मागे सरला आणि म्हणाला, "साहेब, छडी मिळेल का?"

"छडी कशाला?"

"गुरुजी छडीनेच दाखवतात."

डॉक्टरांनी भुवया उंचावून आपला लांब रूळ दिला. चिंतामणीने हात लांबवला, "हे हृदय," म्हणत रूळ खाली आणला. मी भिंतीशी बाजूला उभा होतो. तिथून मला बेडूक, रूळ आणि मेजाशेजारी आपल्या पाळीची वाट पाहणारा रघुजी, तिन्ही दिसत होते. रूळ मूत्राशयावर चालला होता. आणि रघुजीचा हात पुढे आला. दोन बोटांनी त्याने फळी अर्धी फिरवली, जराशी ओढली, आणि रूळ टेकला तो नेमका हृदयावर. केसाचाही फरक नाही.

मी वर्षभर त्या फळीच्या समोर उभा होतो. बाजूने कधी पाहिले नव्हते.

डॉक्टर ओरडले, "फळी का हलवलीत?"

रघुजीने हात झटकन मागे घेतला. "चुकलं साहेब. सवय झाली."

"कसली सवय?"

तो मान खाली घालून उभा राहिला. त्यांनी दोनदा विचारले, तो दोनदा गप्प राहिला. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि म्हणाले, "पुरे. जागा कोणाची ते उघड आहे. मी उद्या दुपारी जाणार, तोवर कागद पुरे करीन."

मी बोलायला हवे होते. बोललो नाही. दोन्ही मुलांना ताईकडे पाठवले आणि देवीच्या टेकडीची वाट धरली. भर उन्हात अर्धी चढण चढलो. मनात काय काय आले ते लिहितो, कारण ही वही त्यासाठीच आहे. आले की रघुजीने मला मूर्ख बनवले. मग आले की नाही, त्याने मला झाकले. सदोष बेडूक आठवला; तो सदोष नव्हताच, मी मेजाच्या उलट्या बाजूला उभा होतो. 'तांबूस, तीन पानांचं, तेच ना?' आठवले. एकेक प्रश्न आठवत गेला आणि प्रत्येक प्रश्नात उत्तर ठेवलेले होते. मी त्याला मंद म्हटले. त्याचा हात हलतो असे लिहिले. अरे, तो हलला म्हणून तर माझी छडी वर्षभर चुकली नाही!

हेही मनात आले की गप्प राहिलो तर कोणाला काही कळणार नाही. येत्या वर्षी मुख्य शास्त्र्याची जागा मला मिळायची आहे. चिंतामणीही भला मुलगा आहे. असे पुष्कळ आले. देवीच्या पायऱ्यांपाशी बसून राहिलो, दर्शनाला वर गेलोच नाही. त्या तोंडाने काय जाणार!

तिथूनच खाली उतरून डॉक्टरांच्या मुक्कामावर गेलो. ते जेवून उठत होते. म्हटले, "मला शेरा बदलायचा आहे." ते म्हणाले, "तो दरबारात नोंदला गेला आहे. बदलायचा तर कारण लेखी द्या. दरबार ते वाचेल, हे लक्षात ठेवा."

मी तिथेच बसून लिहिले. नक्कल येथे उतरवतो:

'मी हा विषय कधी शिकलेलो नव्हतो. बेडकाला मी आजवर हात लावलेला नाही. लांब उभा राहून चुकीच्या जागी छडी नेत असे, आणि विद्यार्थी रघुजी मानाजी हा माझी अब्रू राहावी म्हणून फळी सरकवून छडीखाली योग्य अवयव आणीत असे. तो मला प्रश्न विचारतो असे मी समजत होतो, वस्तुतः तो मला शिकवीत होता. त्याचा हात अस्थिर आहे हा शेरा खोटा असून तो मी अज्ञानाने लिहिला. त्याच्या हाताइतका नेमका हात मी पाहिलेला नाही.'

डॉक्टरांनी वाचले. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "शास्त्रीबुवा, ही सही तुम्हाला महाग पडेल." म्हटले, "पडू द्या." ते म्हणाले, "उद्या सकाळी आठला मुलाला घेऊन या. चाकू देतो त्याच्या हाती."

देवास, बुधवार, ता. १९ फेब्रुवारी

सव्वा तास लागला. बेडकाच्या पाठीच्या कण्यालगत सुतासारख्या पांढऱ्या नसा असतात. रघुजीने त्या एकही न तोडता मोकळ्या केल्या. डॉक्टर आधी खुर्चीत होते, मग उभे राहिले, मग त्याच्या खांद्याशी वाकून पाहू लागले. शेवटी म्हणाले, "हे कोणी शिकवलं?" रघुजी म्हणाला, "गुरुजींनी."

मी म्हटले, "साहेब, माझे पत्र तुमच्याजवळ आहे." ते हसले. कागदावर रघुजीचे नाव लिहिले.

या वेळी मी फळीच्या जवळ होतो, मुलाच्या बाजूला. काटा निसटला तेव्हा रघुजी म्हणाला, "गुरुजी, जरा पाय धरा." आणि मी धरला. गार, मऊ, ओला. काही झाले नाही.

वाटेत, गुरुवार, ता. २० फेब्रुवारी

इंदूर सोडल्यावर टांग्यात विचारले, "रघुजी, मला सांगितले का नाहीस?"

तो म्हणाला, "कैसे सांगणार गुरुजी? चार मास्तरांनी नाही म्हटलं. तुम्ही एकटे हो म्हणालात. तुम्हाला वाटलं असतं की आपल्याला जमत नाय, तर तुम्ही पण सोडलं असतं. मग क्लास बंद. मग मला किताब कोण वाचून दाखवणार होतं? इंग्रजी तर मला तुम्ही म्हणून दाखवाल तेवढंच कळतं."

मी स्तुतीला भाळून हो म्हणालो होतो हे त्याला सांगावेसे वाटले. सांगितले. तो म्हणाला, "हो म्हणालात ना?"

चिंतामणीची मला काळजी होती. घाबरत त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "गुरुजी, मला रक्त बघवत नाही. पहिल्या दिवसापासून डोळे मिटतो. बाबांना सांगायची हिंमत नव्हती." हे मात्र मला दिसत होते आणि मी त्याला भक्तिभाव समजत होतो.

धार, ता. १४ मार्च

दरबाराचे पत्र आले. बायॉलॉजीचा वर्ग माझ्याकडून काढून घेतला आहे. मुख्य शास्त्र्याची जागा शाळेतल्याच मोरोपंतांना मिळाली. फडणीस रस्त्यात भेटले तर तोंड फिरवतात. पण पत्राची शेवटची ओळ अशी की वर्ग चालू राहील आणि त्यासाठी शिकलेला मास्तर आणला जाईल. ती ओळ मी तीन वेळा वाचली. वर्ग बंद होईल ही माझी खरी धास्ती होती.

घरी सौ.ला सगळे सांगितले. हेही सांगितले की वर्षभर मी एकाही बेडकाला शिवलो नाही, तिने उगाच पाणी तापवले.

ती म्हणाली, "ठाऊक होतं. धोतराला कधी एक डाग नव्हता."

"मग तापवत का होतीस?"

"वर्गातून यायचात ते इतके खुशीत असायचात. वाटलं, चालू द्यावं."

या घरात काही लपवणारा मी एकटाच नव्हतो, असे दिसते. देवाने मला कोणाकोणाच्या हवाली केले आहे याचा विचार करतो तेव्हा डोळ्यांना पाणी येते. लिहून टाकतो, लाज कसली.

ता. २१ जून १९०८

रघुजी उद्या इंदूरला जाणार. आज सकाळी त्याचे वडील मानाजीराव घरी आले. वर्षभर मी त्यांना 'मानाजी सालोत्री' म्हणत आलो. मागच्या दारी उभे राहिले होते. मी त्यांना पुढच्या ओटीवर बोलावले. ते येईनात. दोनदा म्हटले तेव्हा पायरीवर टेकले. रघुजी मागे उभा.

म्हणाले, "पंडितजी, माझ्या बापाने घोडे बघितले, मी घोडे बघितले. किताब वाचून आमच्यात कुणी काही केलं नाय. हा पोरगा रोज घरी येऊन सांगायचा, आज गुरुजींनी दिल शिकवलं, आज कलेजा शिकवला. मला म्हणायचा, बाबा, मेलेली शेळी मिळाली तर फाडून बघू. मी फाडायचो. गुरुजी बोललेत तसंच निघायचं. बिल्कुल तसंच! मी म्हणायचो, काय माणूस आहे, न शिवता एवढं ठाऊक!"

मी म्हटले, "मानाजीराव, नीट ऐका. मला काही ठाऊक नव्हते. तुमच्याकडे जे पाहून तो येत असे तेच तो मला शिकवीत असे. मी दरबाराला तसे लिहूनही दिले आहे."

ते मग खो खो हसले. रघुजीला म्हणाले, "बघ रे. मोठी माणसं अशीच बोलतात." त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते.

रघुजीने मान दुसरीकडे वळवली. हसतो आहे की काय ते मला दिसेना.

"खरेच सांगतो," मी पुन्हा म्हणालो. "तुमच्या मुलाने मला शिकवले."

मानाजीरावांनी पागोटे काढून गुडघ्यावर ठेवले आणि मला हात जोडले.